अकरा वाडग्यांचं शुद्धिपत्र

मेलेला पक्षी अंगणात सापडला की तुम्ही-आम्ही काय करतो? नाक मुरडतो, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकतो आणि हात धुऊन चहाला बसतो. फार तर "उन्हानं गेला असेल बिचारा" एवढं म्हणतो. आपल्या या गोष्टीतल्या बाईंचं मात्र तसं नव्हतं. त्यांच्या इमारतीच्या आवारात मेलेला होला, म्हणजे कबुतराचा तो लहान भाऊबंद, सापडला, की त्या दिवशी घरात कुणाला धड चहा मिळत नसे. बाई वही उघडत, तारीख टाकत, जागा लिहीत, आणि मग गॅलरीत उभ्या राहून एकेका शेजाऱ्याकडे अशा बघत, की ज्यानं काहीच केलेलं नाही त्यालाही आपण काहीतरी करून बसलोय असं वाटावं.

सगळे त्यांना दुर्बीणताई म्हणत. पाठीमागे नुसतंच 'दुर्बीण'. पर्समध्ये कंगवा नसला तरी चालेल, पण दुर्बीण हवीच, असा त्यांचा खाक्या. नोकरी एका छापखान्यात, मुद्रितशोधकाची. शाळेची पुस्तकं छापून व्हायच्या आधी त्यांच्या नजरेखालून जात, आणि बाईंनी पेन्सिल टेकवली नाही असं पान क्वचितच परत जाई. वीस वर्षं दुसऱ्याच्या चुका शोधण्यात गेली की डोळ्यांना तेच वळण लागतं. भाजी घेताना, पाहुण्यांच्या घरी बसताना, नवऱ्याशी बोलतानासुद्धा ते सुटत नाही.

पण बाईंचा संशयी स्वभाव काही हवेतून आलेला नव्हता, हेही सांगायला हवं. त्यांच्या डोळ्यांदेखत इमारतीमागच्या तळ्यात भराव पडला आणि तिथे गाड्या उभ्या राहायला लागल्या. तळ्यातल्या पाणकोंबड्या एका उन्हाळ्यात दिसेनाशा झाल्या. रस्त्याकडेची झुडपं 'स्वच्छता' म्हणून मुळासकट काढली, तेव्हा शिंपी पक्ष्यांची घरटी पानांसकट ट्रकमध्ये गेली. पूर्वी दिव्याभोवती इतके पतंग यायचे की जेवताना दिवा घालवावा लागे. आता दिवे जळतात आणि खाली मेलेला एक किडा मिळत नाही, आणि याचं कुणाला काही वाटतही नाही. बाईंना वाटायचं. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या नाहीशा झालेल्या पक्ष्यांची नावं मनात म्हणत, एकही गळू नये म्हणून बोटांवर मोजत. ज्याला विचारावं तो म्हणे, "आम्ही नाही बुवा काही केलं." मग केलं कुणी? या एका प्रश्नापासून बाई जगाकडे तिरक्या नजरेनं बघायला लागल्या होत्या.

जगाशी भांडून उपयोग नाही म्हटल्यावर त्यांनी आपल्या परीनं काम सुरू केलं. तीन वर्षांपूर्वी गच्चीवर पाण्याचे चार मातीचे पसरट वाडगे ठेवले. मग जिन्याच्या खिडकीत दोन, कुंपणाच्या भिंतीवर तीन, पंपाच्या खोलीच्या छपरावर दोन. असे अकरा वाडगे झाले. या वर्षी गच्चीवर दाण्यांची एक मोठी परातही आली. रोज सकाळी कामावर जायच्या आधी बाई तांब्या घेऊन फिरत आणि प्रत्येक वाडग्यात काठोकाठ पाणी ओतत. एकही वाडगा कोरडा दिसता कामा नये, हे त्यांचं व्रतच होतं. दोनशे होले गच्चीवर उतरत. चिमण्या, साळुंक्या वेगळ्याच. आणि आवारातल्या उंच झाडावर, एवढे पक्षी बघून, शिक्रा नावाच्या छोट्या शिकारी पक्ष्याच्या जोडीनं घरटं केलं. दोन पिल्लं झाली. त्या दिवशी बाईंनी छापखान्यात सगळ्यांना पेढे द्यायचे तेवढे बाकी ठेवले होते.

आणि मग होले मरायला लागले.

पहिला कुंपणाशी पडलेला सापडला. अंग फुगवलेलं, चोचीखालची पिसं ओली. तिसऱ्या दिवशी दुसरा, वाडग्याच्या शेजारीच. एकवीस दिवसांत सहा झाले. वहीत बाईंनी चार रकाने आखले होते: तारीख, जागा, पक्षी, आणि संशयित. चौथा रकाना सगळ्यांत रुंद होता.

पहिल्यांदा त्यात पहिल्या मजल्यावरचे गाडीवाले काका आले. पक्ष्यांची घाण गाडीच्या काचेवर पडते म्हणून ते वर्षभर तक्रार करत होते, आणि तक्रार करताना त्यांचा एक डोळा फडफडे, हे बाईंनी टिपून ठेवलं होतं. मग गिरणीवाला आला, कारण दाणे त्याच्याकडचे. एकदा तर खुद्द नवऱ्याचंही नाव आलं, कारण "या होल्यांच्या घुमण्यानं रविवारी झोपसुद्धा मिळत नाही" असं तो म्हणाला होता.

"अगं, झोप मिळत नाही म्हटलं म्हणजे मी विष घालीन?" नवरा म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं? मी फक्त लिहून ठेवलं."

मध्येच बाईंच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि त्यांना दहा दिवस दुसऱ्या गावी जावं लागलं. जाताना नवऱ्याला त्यांनी तीनतीनदा बजावलं. रोज अकरा वाडगे भरायचे. मेलेला पक्षी दिसला तर वहीत लिहायचं, नाही दिसला तरी तसं लिहायचं. परत आल्यावर वही उघडली तर दहा दिवस, दहा ओळी, आणि प्रत्येक ओळीत 'शून्य'. बाईंनी ते पान पुढे वाचलंच नाही. गच्चीवर पायही न ठेवता याने एका बैठकीत दहा शून्यं काढली असणार, हे त्यांना बघताक्षणी कळलं. निदान कळलं असं वाटलं. पानावर पेन्सिलीनं आडवी रेघ मारून त्या पुढे गेल्या.

आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीपेक्षा लवकर गच्चीवर गेल्या, आणि दारातच थबकल्या. इमारतीचा माळी त्यांच्या वाडग्यांपाशी उकिडवा बसला होता. शेजारी पत्र्याचा डबा. डब्यात पांढरी पूड. आणि हा माणूस ती पूड त्यांच्या वाडग्यात चोळत होता!

"काय चाललंय हे?" बाई कडाडल्या.

माळी दचकून उभा राहिला. पन्नाशीचा, सुकलेला, कमी बोलणारा माणूस. नऊ वर्षं तो या इमारतीत होता. पंपाच्या खोलीमागची लहानशी खोली त्याला राहायला दिलेली, तिथे तो आणि त्याची बायको राहत.

"काही नाही ताई. वाडगे घासतोय. साफसफाईची पावडर आहे."

"साफसफाईची? माझ्या वाडग्यांना काय झालंय?"

"ताई, एक बोलू का? हे वाडगे असे नुसते..."

"आधी डबा दाखवा."

त्यानं दाखवला. डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं. वासानं बाईंच्या नाकात झिणझिण्या आल्या. खरं उत्तर समोर मांडलेलं होतं, पण ज्याला खोटं ऐकायचं ठरलेलं असतं त्याला खरंही खोट्यासारखंच ऐकू येतं. बाईंनी डबा उचलला, नळाखाली उपडा केला आणि सांगितलं, "आजपासून माझ्या एकाही वाडग्याला हात लावायचा नाही. दिसलात तर माझ्याशी गाठ आहे."

"बरं ताई," माळी म्हणाला, आणि पाइप गुंडाळून खाली गेला. त्यानं वाद घातला नाही, हेही बाईंनी वहीत लिहून ठेवलं. निर्दोष माणूस वाद घातल्याशिवाय राहतो का?

त्या दिवसापासून बाई पहाटे उठून दुर्बीण लावून बसायला लागल्या. माळी झाडांना पाणी घालतो, पानं झाडतो, वाडग्यांकडे मान वळवून बघतो आणि पुढे जातो. त्याचं ते बघणं बाईंना फार खटकलं. आणि इकडे होले मरतच होते. पूर्वी आठवड्याला दोन मरायचे, आता तीन, चार. पायऱ्यांवर, गच्चीवर, कुंड्यांच्या मागे. सोळा दिवसांत नऊ. माळ्यानं सूड घ्यायला सुरुवात केली, याबद्दल बाईंच्या मनात आता शंकाच उरली नाही.

सोळाव्या दिवशी झाडाखाली शिक्र्याचं पिल्लू पडलेलं सापडलं. नुकती पिसं फुटलेलं, चोच अर्धी उघडी. बाईंनी त्याला ओढणीत घेतलं आणि त्या पायरीवर बसून रडल्या. दोनच पिल्लं होती. रोज सकाळी त्यांनी त्यांना मोजलं होतं.

त्याच संध्याकाळी त्या इमारतीच्या सेक्रेटरीकडे गेल्या. सेक्रेटरी कटकटीला कंटाळलेला माणूस होता. कुणाला तरी काढलं की कटकट मिटते, एवढा त्याचा साधा हिशेब.

"मॅडम, तुम्ही लेखी द्या. सहीनिशी. रविवारी मीटिंग आहे, त्यात ठेवतो. सोमवारी माळी खोली रिकामी करेल."

"खोलीसुद्धा?"

"नोकरी गेली की खोली गेली. ते एकत्रच आहे."

बाई क्षणभर पंपाच्या खोलीच्या दिशेनं बघत राहिल्या. पण ओढणीला लागलेली ती बारीक पिसं त्यांनी अजून झटकली नव्हती. त्या घरी आल्या आणि तीन पानी तक्रार लिहून काढली.

आता छापखान्याची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळे घडलं. तिथे स्वतः लिहिलेलं स्वतः तपासायचं नाही, असा कडक नियम होता. आपला डोळा लबाड असतो. तो लिहिलेलं वाचत नाही, लिहायचं होतं ते वाचतो. म्हणून एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर ती ओळीनं ताडून बघायची. मूळ प्रत वाचण्याचं काम पस्तीस वर्षं एकच गृहस्थ करत होते. त्यांना सगळे वाचककाका म्हणत. ते स्वल्पविरामासकट वाचत, एका सुरात, कुठेही न रमता. जाहिरात असो की शोकसंदेश, आवाज तोच.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी तक्रार टाइप करून आणली आणि वही काकांपुढे ठेवली.

"काका, एवढं ताडून घेऊ या. तारखा चुकल्या तर तो माणूस सुटेल."

"कोण माणूस?"

बाईंनी सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि वही उघडली.

"ही मूळ प्रत ना? मग वाचतो. तू ताड."

आणि काका वाचायला लागले. "तारीख तीन. जागा, कुंपण, पूर्व बाजू. होला, एक. संशयित, गाडीवाले, पूर्णविराम." एकामागून एक सहा होले झाले. मग पेन्सिलीची आडवी रेघ असलेलं पान आलं.

"ते सोडा काका. ते माझ्या नवऱ्याचं आहे. त्यात काही अर्थ नाही."

"मूळ प्रतीतलं गाळायचं नसतं," काका म्हणाले. "पस्तीस वर्षांत गाळलेलं नाही." आणि त्यांनी सुरू केलं. "तारीख चोवीस. मेलेले, शून्य. मला कंबरेमुळे गच्ची चढवत नाही, स्वल्पविराम, म्हणून पाणी घालायचं काम माळीदादांना सांगितलं आहे, पूर्णविराम. तारीख पंचवीस. मेलेले, शून्य. पाणी माळीदादांनी घातलं. तारीख सव्वीस. मेलेले, शून्य. पाणी माळीदादांनी घातलं."

बाईंची पेन्सिल थांबली. काका थांबले नाहीत. दहा दिवस त्यांनी दहा वेळा त्याच सुरात वाचले. दहा शून्यं, दहा वेळा माळीदादा. मग बाई परत आल्यानंतरचे तीन दिवस, तिन्ही शून्य. मग बाईंच्याच अक्षरात ठळक ओळ होती. "आजपासून माळ्याला वाडग्यांना हात लावायला बंदी, पूर्णविराम. तारीख आठ. होला, एक. तारीख नऊ. होले, दोन."

"पुरे काका."

"अजून दीड पान आहे."

"पुरे म्हटलं ना."

काकांनी वहीत बोट घालून ती मिटली. "हे बघ दुर्बीणताई, मी पक्ष्यांतला माणूस नाही. मला कावळा आणि कोकीळ एकच. पण वाचता येतं. या वहीत असं लिहिलंय, की दहा दिवस वाडगे एकट्या माळ्याच्या हातात होते आणि एक पक्षी मेला नाही. त्यानं हात काढला, तुझा हात लागला, आणि नऊ मेले."

"त्यानं सूड घेतला असेल."

"कसा? तूच लिहिलंयस, पहाटेपासून दुर्बीण लावून बसते, माळी वाडग्यांना हात लावत नाही. विष घालायचं तर हात लावायला नको?"

बाई चिडल्या. काकांचा आणि माळ्याचा काही संबंध तर नाही ना, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. सवयच ती.

"म्हणजे मी मारले म्हणता? मी? या पक्ष्यांसाठी मी बहिणीच्या दवाखान्यातून फोन करकरून..."

"तसं कुठे म्हणालो? तू संशय घे. आपलं पोटच संशयावर चालतं. पण संशय घ्यायचा तर सगळ्या ओळींवर सारखा घ्यावा. तू गाडीवाल्यावर घेतलास, गिरणीवाल्यावर घेतलास, नवऱ्यावर घेतलास. एक ओळ न तपासता सोडलीस." काकांनी वही पुढे सरकवली. "ही तक्रार गेली तर एका माणसाचं छप्पर जाईल. चुकीचं पुस्तक छापलं तर आपण परत छापतो. हे परत कसं छापणार?"

बाईंनी कागद पर्समध्ये कोंबला आणि त्या आपल्या टेबलाकडे निघून गेल्या.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला उभं केलं. "पाणी माळ्यानं घातलं हे मला सांगितलं का नाहीस?"

"वहीत लिहिलं होतं की! तू काही बोलली नाहीस, मला वाटलं माफ केलंस." नवरा वरमून म्हणाला. "आणि नंतर तू त्याच्यावर इतकी भडकलीस, की माझं नाव मध्ये यायला नको म्हणून गप्प बसलो."

शनिवारी सकाळी गच्चीवर एक होला जिवंत सापडला. वाडग्याच्या काठावर अंग फुगवून बसला होता. पाण्यात चोच घालत होता, पण पाणी गिळता येत नव्हतं, ते चोचीतून पुन्हा वाडग्यात गळत होतं. बाई जवळ गेल्या तरी तो उडाला नाही. त्यांनी त्याला बुटांच्या खोक्यात ठेवलं आणि थेट जनावरांचा दवाखाना गाठला. रस्ताभर त्या मनात म्हणत होत्या, विषच निघू दे. असं म्हणताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली, तरी त्या म्हणत राहिल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी होल्याची चोच हलक्या हातानं उघडली, आत दिवा धरला आणि बाईंना बोलावलं. घशात पिवळट, दह्याच्या गोळ्यासारखं काहीतरी साचलं होतं.

"हे विष नाही. घशाचा रोग आहे. अगदी बारीक जंतू असतो, डोळ्यांना न दिसणारा. घसा बंद होतो आणि पक्षी उपाशी मरतो. माणसाला याचं काही होत नाही, पण एका होल्याचा दुसऱ्याला लागतो."

"कसा लागतो?"

"एका भांड्यातलं पाणी पिऊन. एका परातीतले दाणे खाऊन. तुमच्याकडे पक्ष्यांसाठी पाणी ठेवता?"

"अकरा वाडगे," बाई म्हणाल्या. एरवी हे त्या मान ताठ करून सांगत.

"धुता कधी?"

"रोज भरते. एक दिवस चुकलेला नाही."

"भरता ते कळलं. धुता कधी?"

तीन वर्षांत बाईंनी एकही वाडगा उपडा केला नव्हता. उरलेल्या पाण्यावर नवं पाणी ओतलं होतं. तळाशी हिरवट बुळबुळीत थर असायचा, तो त्यांनी रोज बघितला होता, आणि 'नैसर्गिक आहे' असं म्हणून सोडून दिला होता. पूर्वी चार वाडगे होते तेव्हा पक्षी थोडे होते, निभावलं. मग वाडगे अकरा झाले, परात आली, दोनशे होले एकाच काठावर दाटीवाटीनं बसायला लागले, आणि त्यांतल्या एकाच्या घशातून गळलेलं सगळ्यांच्या घशात गेलं.

"आणि शिक्रा?" बाईंनी विचारलं. "त्याचं पिल्लू..."

"आजारी होला उडत नाही, तो सोपा सापडतो. आईनं तोच पिल्लांना भरवला असेल."

होला तासाभरानं खोक्यातच गेला. बाई ते खोकं मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर कितीतरी वेळ बसून राहिल्या. तळं बुजवणारे, झुडपं उपटणारे, सगळे म्हणाले होते, आम्ही नाही काही केलं. त्यांनाही तसं खरोखरच वाटत असेल का? हा प्रश्न बाईंना आयुष्यात पहिल्यांदा पडला.

घरी न जाता त्या पंपाच्या खोलीमागे गेल्या. दार उघडं होतं. माळ्याची बायको गादीची वळकटी बांधत होती. मीटिंगची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच आली होती. माळी कुंड्यांतली लहान रोपं एका टोपलीत भरत होता. बाईंना बघून तो उठून उभा राहिला.

"दादा, त्या डब्यात काय होतं?"

"सांगितलं होतं की ताई. साफसफाईची पावडर. टाकी धुतो ना आपण, तीच. थोडीशी पाण्यात घालून घासायचं, तीनदा खळबळून धुवायचं आणि उन्हात उपडं वाळवायचं."

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आई कोंबड्या पाळायची. पाणी शिळं राहिलं की कोंबड्यांचे गळे धरायचे, पटापट जायच्या. तुम्ही नव्हता तेव्हा वाडग्यांत हात घातला, तर बोटाला तार आली. म्हटलं, धुऊन टाकावेत. तुम्ही आल्यावर सांगणारच होतो."

"मग बोलला का नाहीत? नीट, भांडून का नाही सांगितलंत?"

माळ्यानं बायकोकडे बघितलं. उत्तर बायकोनंच दिलं. "ताई, भांडला असता तर तुम्ही म्हणाला असतात, चोर तो चोर आणि वर उलट बोलतो."

बाईंना वहीतली ओळ आठवली. निर्दोष माणूस वाद घातल्याशिवाय राहतो का? त्या तिथेच, दाराच्या उंबऱ्यावर, बसल्या. "चुकलं माझं, दादा," त्या म्हणाल्या. "फार चुकलं." आणि मग ओढणीत तोंड लपवून त्या रडल्या. माळ्याच्या बायकोनं वळकटी खाली ठेवली आणि त्यांना पाणी दिलं. पेला लख्ख घासलेला होता.

रविवारची मीटिंग जिन्याखालच्या मोकळ्या जागेत भरली. गाडीवाले काका पुढच्याच खुर्चीत. माळी दाराशी उभा. सेक्रेटरीनं घड्याळ बघत विषय पुकारला, आणि दुर्बीणताई एक कागद घेऊन उठल्या. तीन पानांची तक्रार त्यांच्या हातात नव्हती.

"आमच्या छापखान्यात पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली, तर मागे एक कागद चिकटवतात," त्या म्हणाल्या. "त्याला शुद्धिपत्र म्हणतात. मी आवारभर दोन महिने जे बोलत फिरले, त्याचं हे शुद्धिपत्र आहे. स्वतः लिहिलेलं स्वतः तपासायचं नाही, म्हणून काल वाचककाकांकडून वाचून घेतलंय."

त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला.

"गाडीवाले काका, गिरणीवाले आणि माझे पती यांच्याविषयी मी जे बोलले ते रद्द समजावं. माळ्यानं वाडग्यांत विष घातलं असं मी जिथे जिथे म्हटलं, तिथे 'माळ्यानं वाडगे धुतले' असं वाचावं. आणि पक्षी कुणी मारले, या प्रश्नापुढे मी ज्यांची ज्यांची नावं लिहिली, त्या सगळ्यांच्या जागी माझं नाव वाचावं."

गाडीवाले काका खुर्चीत चुळबुळले. त्यांचा तो एक डोळा फडफडत होता. खरं तर तो कायमच फडफडायचा.

"मग आता," सेक्रेटरी गोंधळून म्हणाला, "काढायचं कुणाला?"

"वाडग्यांना," बाई म्हणाल्या. "मातीचे आहेत, आत घाण धरतात. तीन आठवडे पाणी नाही, दाणे नाहीत. गर्दी पांगली पाहिजे, असं डॉक्टर म्हणतात. मग चारच भांडी ठेवायची, चिनी मातीची, आणि रोज धुवायची. कशी धुवायची ते माळीदादा शिकवतील. मी शिकणार आहे, आणखी कुणाला यायचं असेल त्यांनी यावं."

गाडीवाले काका खाकरले. "मंगळवारी मी धुईन," ते म्हणाले. "नाहीतरी त्या दिवशी मी गाडी धुतोच."

ते तीन आठवडे बाईंना फार जड गेले. होले सवयीनं गच्चीवर यायचे, रिकाम्या कठड्यावर बसायचे, इकडेतिकडे मान वळवून बघायचे. बाई दाराआड उभ्या राहून डोळे पुसत आणि तांब्याला हात लावत नसत. हळूहळू थवे पांगले. मेलेला पक्षी आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एखादा सापडे, मग सापडायचा थांबला. शिक्र्याचं दुसरं पिल्लू तगलं. पाचव्या आठवड्यात ते झाडावरून उडून गच्चीच्या टाकीवर येऊन बसलं, तेव्हा दुर्बीण माळ्याच्या हातात होती आणि बाई भांडी घासत होत्या.

"ताई, या बघायला."

"तुम्ही बघा. माझे हात भरलेत," बाई म्हणाल्या. पण मग उठल्याच.

तर मंडळी, झाडं तोडणाऱ्यांवर आणि तळी बुजवणाऱ्यांवर नजर ठेवायलाच हवी. ते काम सोडू नका. पण निसर्गावर आपलं प्रेम आहे, एवढ्यानं आपले हात स्वच्छ होत नाहीत. आपण ठेवलेला दाणा, आपण ठेवलेलं पाणी, आपण हौसेनं केलेलं प्रत्येक काम त्या मुक्या जिवांचं काय करतं, हे तपासल्याशिवाय ते प्रेम अर्धंच राहतं. आणि ज्यांचे हात रोज मातीत आणि पाण्यात असतात, ती माणसं काही सांगायला आली, तर त्यांना वाक्य पुरं करू द्यावं. दुर्बीणताईंनी एवढं ऐकून घेतलं असतं, तर निदान दहा होले आणि ते एक पिल्लू वाचलं असतं, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात.

वही त्यांनी अजून ठेवली आहे. नव्या पानांवरही चार रकाने आहेत, आणि चौथा रकाना अजूनही 'संशयित' असाच आहे. फक्त प्रत्येक पानावर, काही घडायच्या आधीच, त्या रकान्यात सगळ्यांत वर त्या 'मी' असं लिहून ठेवतात, आणि मगच भांडी धुवायला जातात.